डिस्कवर्ल्ड वाचायला घेताय? मग या चुका टाळा

नाशिकमधे वाचणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे आपल्याकडे. पण टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डचं नाव काढलं की निम्मे लोक विचारतात ते काय असतं, आणि उरलेले म्हणतात "घेतलं होतं रे, पन्नास पानांत सोडलं." या दुसऱ्या टाइपच्या लोकांसाठी खरंच जीव तुटतो, कारण खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच कारण निघतं, सुरुवात चुकीच्या पुस्तकापासून केलेली असते.

आधी थोडक्यात ओळख. इंग्रजीतल्या, जादूच्या जगातल्या एकूण ४१ विनोदी कादंबऱ्या, पहिली १९८३ ची आणि शेवटची २०१५ ची, लेखक गेल्यानंतर आलेली. जग म्हणजे एक सपाट तबकडी, ती चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका महाकाय कासवावर आणि कासव अवकाशात पोहत चाललंय. कूर्मावतार आणि दिग्गज ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर सगळ्यात मोठी चूक, सिरीज आहे म्हणून पहिल्या नंबरपासूनच वाचायचं. पहिलं पुस्तक 'द कलर ऑफ मॅजिक' वाईट नाहीये, पण ते तेव्हाच्या तलवार-जादूवाल्या इंग्रजी कादंबऱ्यांची टिंगल करतं, आणि त्या वाचलेल्या नसतील तर अर्धे विनोद डोक्यावरून जातात. इथे प्रत्येक पुस्तक बऱ्यापैकी स्वतंत्र आहे, फक्त काही पात्रांचे गट परत परत येतात, चेटकिणी, मृत्यू, शहराचे पोलीस, जादूगार वगैरे. त्यामुळे नेटवरचे ते बाणांचे मोठे मोठे तक्ते बघून घाबरायचं काही कारण नाही, एक गट पकडा आणि चालू पडा.

माझं मत विचाराल तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). अँख-मॉरपॉर्क नावाचं गचाळ शहर, तिथे चोरांची अधिकृत संघटना आहे, चोरी झाल्यावर पावतीसुद्धा मिळते. अशा शहरात कॅरट नावाचा सहा फुटी, बुटक्यांमधे वाढलेला, प्रामाणिक पोरगा पोलिसात भरती होतो, कायद्याचं पुस्तक पाठ करून आलेला, आणि सरळ जाऊन चोरांच्या अध्यक्षालाच अटक करतो! कारण काय तर चोरी हा गुन्हा आहे. त्याचा दारुडा कॅप्टन व्हाइम्स डोक्याला हात लावतो आणि तिथून या दोघांसोबत तुम्ही पुढची कित्येक पुस्तकं जाणार हे नक्की.

दुसरी चूक म्हणजे नुसते जोक शोधत भराभर पानं उलटणं. 'मेन अॅट आर्म्स' (१९९३) मधे हाच व्हाइम्स बुटांचा हिशोब मांडतो. चांगले बूट ५० डॉलरला, दहा वर्षं टिकतात. त्याचा पगार महिन्याला ३८ डॉलर, म्हणून तो १० डॉलरवाले घेतो, ते एक-दोन सीझनमधे गळतात, परत घ्यावे लागतात. दहा वर्षांत गरीब माणसाचे १०० डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. दर जूनला स्वस्तातली पावसाळी चप्पल घेणाऱ्या कुणालाही हे एका झटक्यात कळेल. हा परिच्छेद हसत हसत पुढे ढकलला तर प्रॅचेट हातातून निसटला म्हणून समजा, कारण त्याचा राग सगळा अशाच जागी लपलेला असतो.

आता छोट्या अडचणी. बहुतेक पुस्तकांत चॅप्टरच नाहीत, त्यामुळे "हा चॅप्टर संपला की झोपतो" चालणार नाही, दोन ओळींमधे मोठी गॅप दिसली की तिथे थांबायचं. मृत्यूचे सगळे संवाद कॅपिटल अक्षरांत आहेत, ती छपाईची चूक नाही, तो तसाच बोलतो, आणि तो आवडला तर 'मॉर्ट' (१९८७) घ्या, त्यात मृत्यू चक्क एक शिकाऊ पोरगा ठेवतो. तळटीपा अजिबात सोडू नका, कधी कधी पानावरचं सगळ्यात भारी वाक्य तिथेच असतं. फोनवर वाचत असाल तर टीपेला टच करून परत मागे येता येतंय का ते आधीच बघून घ्या. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांनी पुस्तक घरूनच डाउनलोड करून निघा, कसारा घाटात नेटवर्कचा भरवसा नसतो.

इंग्रजी जड वाटलं तर 'द वी फ्री मेन' (२००३) बघा, मुलांसाठी लिहिलंय, चॅप्टरही आहेत, आणि नायिका टिफनी नऊ वर्षांची असली तरी मोठ्यांनी वाचावं इतकं दमदार आहे. फक्त त्यातल्या निळ्या चिमुकल्या माणसांची स्कॉटिश बोली डोळ्यांनी कळत नाही, ती मोठ्याने वाचायची, लगेच उलगडते. आणि 'नाइट वॉच' (२००२) कितीही कौतुक ऐकलं तरी पोलिसांची आधीची निदान दोन-तीन पुस्तकं झाल्याशिवाय उघडू नका. शेवटचं 'द शेफर्ड्स क्राउन' तर टिफनीची आधीची चारही संपल्यावरच.