समुद्रघोडे पाळताना या चुका टाळा: उबदार पाणी, उरलेलं अन्न आणि बाकीचं

समुद्रघोड्याला जठर नसतं, दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य अख्खं आत ओढतो, ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं आणि बरंचसं नीट न पचताच बाहेर पडतं. म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा खायला घालावं लागतं. साहजिकच टाकीत घाणही जास्त होते. त्या घाणीवर जिवाणू पोसले जातात आणि पाणी जरा उबदार असलं की झपाट्याने वाढतात. घरच्या टाकीतले समुद्रघोडे दगावतात त्यामागे बहुतेकदा हीच साखळी असते, त्यामुळे औषध शोधण्याआधी ती कुठे तोडता येईल ते बघावं.

चूक: इतर सागरी माशांसारखं २६-२७ अंशांवर ठेवणं

क्लाउनफिश २६ अंश सेल्सिअसला मजेत राहतो, समुद्रघोडा राहत नाही. कुडा, रेडी आणि इरेक्टस या नेहमी पाळल्या जाणाऱ्या उष्णकटिबंधीय जाती आहेत, पण त्यांनाही टाकीत २२ ते २४ अंश ठेवावं. त्याच्या वर व्हिब्रियो गटातल्या जिवाणूंचं फावतं. कातडीवर पांढुरके चट्टे, शेपटीच्या टोकाला झालेली जखम, सोलून निघणारी त्वचा, हे सगळं बऱ्याचदा त्यांचंच काम असतं. मोठ्या पोटाची ॲबडॉमिनॅलिस ही जात तर थंड पाण्यातली आहे. तिला १६ ते २० अंश लागतात आणि त्यासाठी चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही.

तापमान सकाळी बघून समाधान मानू नका. दिवे आणि पंप तासन्‌तास चालल्यावर, दुपारी किंवा संध्याकाळी किती होतं तो आकडा खरा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून घटलेली पातळी रोज गोड्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. विशिष्ट घनता (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान टिकली पाहिजे.

हीटर वापरत असाल तर त्यावर जाळीचं आवरण हवंच. समुद्रघोडा हाती लागेल त्याला शेपटी गुंडाळतो आणि गरम हीटरवरून ती वेळेत सोडत नाही.

चूक: ‘हळूबाई’ म्हणून पाणी साचू देणं

समुद्रघोडा पोहण्यात कच्चा, म्हणून प्रवाह जवळपास बंदच ठेवावा, हा सल्ला जुना आहे आणि त्याने नुकसानच झालं आहे. त्याचे कल्ले गुच्छासारखे असतात. इतर माशांच्या पात्यांसारख्या कल्ल्यांपेक्षा त्यांचा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की त्याला आधी जाणवतं. शिवाय साचलेल्या कोपऱ्यात अन्न कुजतं.

तासाला टाकीच्या आकारमानाच्या ५ ते १० पट पाणी फिरू द्या, मात्र एकाच नळीतून जोरदार झोत नको. भोकांच्या आडव्या नळीने तो पसरवा. प्रवाह पोचतो की नाही हे तपासायला खाण्याचे दोन-चार कण सोडा आणि ते कुठे जाऊन बसतात ते बघा. जिथे बसतात तो मेलेला कोपरा. पंपाच्या शोषण तोंडावर जाड स्पंज बसवा, नाहीतर शेपटी अडकते. प्रोटीन स्किमरवर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणावर, कंजुषी करू नये. टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घेतला तरी या प्राण्यांसाठी तो जास्त होत नाही.

चूक: खाणं टाकीत ओतून मोकळं होणं

सर्वात जास्त बिघाड इथे होतो.

गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) हे मुख्य अन्न. तुकडा वाटीत थोड्या थंड पाण्यात सुटू द्या, बारीक जाळीत ओता, धुवा आणि ते दुधाळ पाणी फेकून द्या. त्या पाण्यात फॉस्फेट आणि विरघळलेली प्रथिनं असतात, प्राण्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. मग पंप बंद करा आणि मायसिस लांब ड्रॉपरने ठरलेल्या जागी सोडा. काचेची उथळ बशी किंवा मोठा शिंपला चालतो. दोन-चार दिवसांत ते ती जागा ओळखू लागतात.

यानंतर घाई करायची नाही. समुद्रघोडा आधी एक डोळा वळवतो, मग दुसरा, तुकड्यासमोर तोंड आणून बराच वेळ नुसता बघत राहतो. आणि अचानक ‘टक्’ असा आवाज येतो, तुकडा नाहीसा झालेला असतो. हा आवाज लक्षपूर्वक ऐकायची सवय लावा. तो मंद झाला, तुकडा आत जाऊन पुन्हा बाहेर पडू लागला, किंवा नेम वारंवार चुकू लागला, तर तोंडाच्या नळीला संसर्ग किंवा इजा झालेली असू शकते. अंगावर काही दिसण्याआधी हे कळतं.

१५ ते २० मिनिटांनी उरलेलं सगळं ड्रॉपरने ओढून काढा आणि पंप सुरू करा. पंप सुरू करायचा विसर पडू नये म्हणून टायमर लावलेला बरा. दर वेळी बरंच उरत असेल तर पुढच्या वेळी कमी घाला.

नुसत्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव) प्रौढ समुद्रघोडा जगवायचा प्रयत्न करू नका. तो आवडीने खातो, पोट फुगलेलं दिसतं, पण पोषण तुटपुंजं असतं आणि प्राणी हळूहळू खंगतो. रुसलेल्याला खायला लावण्यासाठी जिवंत आर्टेमिया चांगला, तोही पोषक तेलयुक्त खाद्य देऊन पुष्ट केलेला.

चूक: बुटकी टाकी, चुकीचे शेजारी

उंची किमान ४५ सेंटिमीटर हवी. जोडी जुळताना नर-मादी एकमेकांना बिलगून वर चढत जातात आणि तेव्हाच अंडी नराच्या पिशवीत जातात. उंची अपुरी असेल तर अंडी खाली सांडतात. एका जोडीला साधारण ११० लिटर पाणी धरा. टाकीत प्राणी सोडण्याआधी चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. शेपटी गुंडाळायला कृत्रिम वनस्पती किंवा न डसणारे गोर्गोनियन (फांद्यांसारखी मऊ प्रवाळं) ठेवा.

टँग, ट्रिगर, क्लाउनफिश हे चपळ मासे खाणं पळवतात. खेकडे शेपटी पकडतात. समुद्रफुलं, ऐप्टासिया (टाकीत आपोआप पसरणारं छोटं समुद्रफूल) आणि लांब शुंडांची डसणारी प्रवाळं नकोतच. गोगलगायी आणि शांत स्वभावाचे छोटे गोबी चालतात.

चूक: समुद्रातून पकडलेला प्राणी घेणं

असा समुद्रघोडा परजीवी घेऊन येतो आणि गोठवलेल्या अन्नाकडे बघतही नाही. समुद्रघोड्यांच्या सगळ्या जाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि ही तरतूद २००४ पासून लागू आहे. काही देशांत बाळगण्यावरच बंदी असते, म्हणून आपल्याकडचा कायदा आधी बघा. कायदा परवानगी देत असेल तर बंदिवासात पैदास झालेले, गोठवलेलं मायसिस खाणारे घ्या. वेगवेगळ्या ठिकाणचे एकत्र करू नका. एकाच्या अंगवळणी पडलेले जंतू दुसऱ्याला झेपत नाहीत. नवीन प्राणी सहा आठवडे वेगळा ठेवावा.

काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर

नराची पिशवी फुगली म्हणजे पिल्लं आहेत असं लगेच धरू नका. पिल्लं असलेला नर नेहमीसारखा पोहतो, खाली शेपटी गुंडाळून बसू शकतो. पिशवीत वायू भरला असेल तर तो वर तरंगतो, खाली जाण्यासाठी धडपडतो. शेपटीवर किंवा तोंडाच्या नळीवर कातडीखाली बुडबुडे दिसले तर तोही वायूचाच आजार. दोन्हींत जलचरांच्या पशुवैद्याला विचारा. पिशवी दाबून वायू काढायचा प्रयत्न स्वतः करू नका, आतलं नाजूक अस्तर फाटतं.

श्वास धापा टाकल्यासारखा असेल तर आधी अमोनिया आणि तापमान मोजा. अमोनिया दिसला तर टाकीतल्याइतक्याच खारटपणाच्या आणि तापमानाच्या ताज्या पाण्याने २५ टक्के पाणी बदला, हवेचा दगड (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा) लावा.

चट्टे किंवा जखम असेल तर प्राणी वेगळ्या टाकीत हलवा. प्रतिजैविक मुख्य टाकीत घातलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात आणि अमोनिया चढतो. उपचाराच्या टाकीसाठी ४० लिटर पाणी, हवेचा दगड आणि शेपटीला एक आधार पुरे. तळ मोकळा ठेवा. तिच्यात पाणी शुद्ध करणारे जिवाणू नसतात, म्हणून रोज अमोनिया तपासा आणि निम्म्यापर्यंत पाणी बदला. बदललेल्या पाण्याइतकं औषध पुन्हा घालावं लागतं. मात्रा पशुवैद्याकडूनच घ्या. उष्णकटिबंधीय जातींसाठी तापमान दिवसाला एक अंश या गतीने २० पर्यंत उतरवलं तर जिवाणूंची वाढ मंदावते आणि औषधाला वेळ मिळतो.

जखम भरून निघाली, दोन आठवडे नवं लक्षण नाही आणि खाताना ‘टक्’ पूर्वीसारखा खणखणीत येतोय, की परत हलवायला हरकत नाही. त्याआधी उपचाराच्या टाकीचं तापमान त्याच संथ गतीने मुख्य टाकीच्या बरोबरीला आणा आणि खारटपणा जुळवून घ्या.