स्टीअरिंग डॅम्पर बसवताना आणि तांबड्या धुळीपासून जपताना

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे वेगाने जाताना मोटारसायकलचे पुढचे चाक खड्ड्याच्या काठावर आपटले आणि हँडल क्षणभर दोन्ही बाजूंना फडफडले, की अनेकांना स्टीअरिंग डॅम्परची आठवण होते. डॅम्परच्या नळीत तेल भरलेले असते आणि दांड्याला जोडलेला पिस्टन त्यात पुढे-मागे सरकतो. हँडल सावकाश वळवले तर तेल बारीक वाटांतून सहज निघून जाते. झटका बसला तर तेच तेल अडते आणि फडफड दाबली जाते. सुझुकीच्या १९९७ च्या टीएल१०००एस या गाडीचे हँडल इतके फडफडत असे, की कंपनीला विकलेल्या गाड्यांना नंतर डॅम्पर बसवून द्यावा लागला.

तरीही डॅम्पर विकत घेण्यापूर्वी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्कची, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोके दोन्ही हातांनी धरावीत आणि पुढे-मागे हलवावीत. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे, आणि हँडल मधोमध आल्यावर अडकल्यासारखे झाले तर त्याच्या वाट्यांना खळगे पडले आहेत. टायरमधील हवा आणि चाकाचे बॅलन्सिंगही याच वेळी पाहून घ्यावे, कारण डॅम्पर हे दोष दुरुस्त करीत नाही, फक्त झाकून ठेवतो.

जोडणीतील सर्वांत महत्त्वाचे काम मोजमापाचे आहे. डॅम्परचे एक टोक फ्रेमवर आणि दुसरे फोर्कच्या नळीवर, वरच्या व खालच्या टीच्या (दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या आडव्या पट्टीच्या) मध्ये बसते. या दोन ठिकाणांमधील अंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि नंतर पूर्ण उजवीकडे वळवून मोजावे. समजा ते २१० आणि २७५ मिलिमीटर भरले, तर फरक ६५ चा झाला. अशा गाडीला ७५ मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे दांडा तेवढा सरकणारा, डॅम्पर घेतल्यास दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटर मोकळे राहतात. हँडल नेहमी गाडीच्या मूळ स्टॉपरवरच थांबले पाहिजे. ते डॅम्परवर थांबू लागले तर दांडा वाकतो, आणि वळणाच्या मध्यावर हँडल अडकण्याचा धोका तर त्याहून मोठा आहे.

तयार ब्रॅकेट जुळत नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथवर अॅल्युमिनियमचा बुश (मध्ये घालायचा नळीसारखा तुकडा) करून घेणे अवघड नाही. तो शक्य तितका आखूड ठेवावा, कारण लांब बुशमुळे बोल्टवर वाकवणारा जोर येतो. एम६ बोल्टला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा द्रव) लावून तो साधारण १० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. फ्रेमला वेल्डिंग करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. रंगाची हौस असेल तर ब्रॅकेटला पावडर कोटिंग खुशाल करावे, पण तेल भरलेली नळी त्या भट्टीत कधीही घालू नये. तेथील १८० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत आतील तेल अडवणारे सील निकामी होतात.

जोडणी झाल्यावर डॅम्परचा कडकपणा कमी-जास्त करणारा नॉब सर्वांत नरम ठेवून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने गाडी चालवावी आणि एका वेळी दोनच क्लिक वाढवावेत. गर्दीत सावकाश जाताना गाडी सरळ रेषेत राहीनाशी झाली आणि सारखी सावरावी लागली, तर डॅम्पर जास्त आवळला गेला आहे. योग्य जागा सापडली की नॉबवर रंगाची बारीक खूण करावी. गाडी उभी दिसली की नॉब फिरवून पाहणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

डॅम्पर खराब होतो तो बहुधा सीलपाशी. खानापूर भागातील तांबडी धूळ दांड्यावरील तेलाच्या पातळ थरावर बसते, तिचा चिखल होतो आणि प्रत्येक वळणाला तो सीलच्या ओठावर घासला जातो. मी एकदा उन्हाळ्यात दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब दोन्ही बाजूंनी घट्ट बांधली होती. पावसाळा संपल्यावर ती सोडली, तेव्हा आत साचलेल्या पाण्यामुळे क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे ठिपके पडलेले होते, आणि त्या ठिपक्यांनी पुढे महिनाभरात सील फाडला. म्हणून रबरी बेलो (दांड्यावरचे घड्यांचे आवरण) लावायचाच असेल तर त्याला खालच्या बाजूस पाणी निथळण्यासाठी छिद्र हवे. माझ्या अनुभवात उघडा दांडा रोज पुसणे अधिक भरवशाचे ठरले आहे.

पुसण्यासाठी मऊ, पांढरे सुती फडके घ्यावे. सर्व्हिसिंग सेंटरमध्ये प्रेशरच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू देऊ नये, आणि टोकांच्या गोलाकार सांध्यांना पावसाळ्यापूर्वी व नंतर थोडे ग्रीस द्यावे. फडक्यावर तेलाचा पुसटसा डाग आला तर काळजीचे कारण नाही. मात्र पुसल्यानंतर तासाभरात दांड्यावर पुन्हा थेंब जमला, किंवा हँडल भराभर फिरवताना मध्येच रिकामा झोल जाणवला, तर सील गेला आहे असे समजावे. काही डॅम्परमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो, त्यामुळे तो घरी न खोलता सस्पेन्शनचे काम करणाऱ्या कारागिराकडेच द्यावा.