गृहकर्जात जास्तीचे पैसे भरताना मुदत कमी करून घ्या

३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण २६,०३५ रुपये. यातले पहिल्या महिन्यात २१,२५० रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ५ हजारांपेक्षाही कमी. म्हणूनच काटकसर करायची तर ती सुरुवातीच्या वर्षांतच करावी.

याच कर्जात पहिल्यापासून दरमहा ५ हजार जास्त भरले आणि दर तोच राहिला, तर कर्ज पावणेचौदा वर्षांच्या आतच फिटतं आणि व्याजाचे साडेअकरा लाखांहून अधिक वाचतात. हे ५ हजार कुठून आणायचे? घरचा डबा, चालतोय तोवर जुनाच फोन, गाडी घ्यायची तर रोखीने. दिवाळीचा बोनस मात्र खात्यावर पडला की त्याच आठवड्यात कर्जात भरा, नाहीतर तो कुठे गेला ते कळतही नाही.

पैसे भरताना बँकेला लेखी सांगा: ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.’ हप्ता कमी करून घेतला तर व्याज फारसं वाचत नाही. पुढच्या महिन्यात खातेउतारा काढून मुद्दल खरंच घटलंय का, ते तपासा. माझी एक रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी जमा धरली होती. विचारलं म्हणून दुरुस्त झालं.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. स्थिर दर असेल तर करारपत्र वाचा. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.