हिवाळ्यापूर्वी मोटारहोमच्या नळांची आणि सांडपाण्याच्या टाक्यांची तजवीज

मिनेसोटा, मिशिगन किंवा ऑंटारिओसारख्या कडक थंडीच्या प्रदेशांत ज्या मराठी कुटुंबांकडे मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, आहे, त्यांनी दसऱ्याच्या सुमारास एक काम हातावेगळे केलेच पाहिजे, आणि ते म्हणजे गाडीतील नळ, पंप, वॉटर हीटर आणि सांडपाण्याच्या टाक्या यांतील पाणी काढून टाकून उरल्यासुरल्या पाण्याची जागा अँटिफ्रीझने, म्हणजे सहजासहजी न गोठणाऱ्या द्रवाने, भरून घेणे. फार उशीर करू नये, कारण उत्तरेकडील अनेक कॅम्पग्राउंड ऑक्टोबरमध्येच आपले पाणी बंद करतात आणि मग टाक्या नीट धुवायला जागा मिळत नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नळीत बर्फ धरला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जो भाग सर्वांत कमकुवत असेल तो फुटतो. पेक्स (लवचिक प्लॅस्टिकची) नळी थोडीफार ताणली जाऊन तगून राहते. फुटतात ते प्लॅस्टिकचे एल्बो (नळीचे काटकोनी जोड), नळांच्या आतले कार्ट्रिज, पंपाचा पुढचा भाग आणि टॉयलेटची पाण्याची झडप. हे नुकसान हिवाळ्यात दिसत नाही. वसंतात पाणी जोडल्यावर भिंतीआड गळती सुरू होते आणि लक्षात येईपर्यंत जमिनीचे लाकूड फुगलेले असते. म्हणूनच नळ उघडून पाणी यायचे थांबले एवढ्यावर समाधान मानू नये. घात करते ते सखल भागात आणि वळणात साचून राहिलेले थोडेसे पाणी.

अँटिफ्रीझ निवडताना कोणतीही तडजोड करू नये. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी अँटिफ्रीझ वेगळे मिळते. इंजिनात घालायचे एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे आणि ते या नळ्यांत कदापि जाता कामा नये. काही स्वस्त बाटल्यांत अल्कोहोल असते व त्याने रबरी सील कोरडे पडतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्यावे. बाटलीवर उणे ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ४६ अंश सेल्सिअस, असा आकडा असतो. तो नळी न फुटण्याचा असतो. द्रव त्याच्या बराच आधी बर्फाच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. पाणी मिसळून तो पातळ झाला तर हे संरक्षण झपाट्याने घटते, म्हणून आधी सगळे पाणी काढणे आणि मगच अँटिफ्रीझ भरणे हा क्रम पाळावा. मध्यम आकाराच्या गाडीला साधारण २ ते ३ गॅलन पुरते.

कामाची सुरुवात सांडपाण्यापासून करावी, कारण टाक्या धुवायला पाणी लागते आणि एकदा नळ्या रिकाम्या केल्या की ते मिळत नाही. डम्प स्टेशनला, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या जागी, जाण्यापूर्वी ब्लॅक टँकमध्ये (टॉयलेटच्या मैल्याच्या टाकीत) काही गॅलन स्वच्छ पाणी सोडावे, म्हणजे रस्त्यातल्या हिंदकळण्याने तळाशी बसलेला मैला सुटतो. हातमोजे घालून आधी ब्लॅक टँक आणि नंतर ग्रे टँक (बेसिन व शॉवरच्या पाण्याची टाकी) रिकामी करावी, जेणेकरून भांड्यांच्या आणि आंघोळीच्या साबणपाण्याने तोच पाइप धुतला जाईल. पाइपच्या पारदर्शक जोडातून पाणी स्वच्छ वाहताना दिसेपर्यंत ब्लॅक टँक पुन्हा पुन्हा धुवावी. तळाशी राहिलेली घाण सेन्सरवर वाळून चिकटते आणि पुढच्या मोसमात टाकी रिकामी असतानाही भरल्याचे दाखवते.

घरी आल्यावर वॉटर हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा. येथे घाई म्हणजे थेट भाजणे. पंप आणि बाहेरून जोडलेले पाणी बंद करावे, एक गरम नळ उघडून दाब काढावा, हीटरची सुरक्षा झडप उचलावी आणि मगच बाजूला उभे राहून खालचा प्लग काढावा. सबअर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत हा प्लग म्हणजेच अ‍ॅनोड रॉड, म्हणजे स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवणारी दांडी, असतो. तो झिजून आतली तार उघडी पडली असेल तर वसंतात नवा बसवावा. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला प्लॅस्टिकचा साधा प्लग असतो आणि त्यात अ‍ॅनोड बसवायचा नसतो. पाण्याबरोबर पांढरे क्षाराचे कपचे पडले तर टाकी आतून धुऊन घ्यावी. मग पिण्याच्या पाण्याची टाकी आणि गाडीखालचे दोन्ही सखल निचरे, गरम व थंड, उघडावेत, गाडीतले सगळे नळ उघडे ठेवावेत आणि पाणी थांबल्यावर निचरे पुन्हा बंद करावेत.

हीटरच्या मागे बायपासच्या, म्हणजे हीटरची टाकी वगळून पाणी पुढे नेणाऱ्या, झडपा असतात. तीन झडपांच्या रचनेत थंड पाणी आत नेणारी आणि गरम पाणी बाहेर आणणारी अशा दोन्ही बंद करून त्यांना जोडणारी मधली उघडायची असते. हे विसरल्यास ६ किंवा १० गॅलनची हीटरची टाकी अँटिफ्रीझने भरत बसते आणि नळांपर्यंत काहीच पोहोचत नाही. पाण्याच्या फिल्टरचे कार्ट्रिजही याच वेळी काढून टाकावे.

आता पंपाच्या आत येणाऱ्या बाजूची नळी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवावी. बहुतेक गाड्यांत यासाठी तीन मार्गांची झडप बसवलेली असते. द्रव पिण्याच्या टाकीत ओतू नये, कारण त्यात तो वाया जातो. सगळे नळ बंद करून पंप चालू करावा आणि पंपापासून सर्वांत दूरच्या नळापासून आरंभ करावा. आधी नळ फुरफुरतो, मग फिकट गुलाबी पाणी येते. तेवढ्यावर थांबू नये. बाटलीतल्यासारखा गडद रंग आला की थंड बाजू बंद करून गरम बाजू उघडावी आणि तसाच रंग येईपर्यंत वाट पाहावी. टॉयलेटचे पेडल दाबून तिथेही गुलाबी धार आणावी. बर्फ तयार करणारे यंत्र किंवा कपडे धुण्याचे यंत्र असेल तर त्याच्या सूचनापुस्तिकेप्रमाणे तेही भरून घ्यावे.

सर्वाधिक चुकतात त्या पुढच्या तीन जागा. पहिली म्हणजे गाडीबाहेरचा शॉवर, ज्याच्या गरम आणि थंड अशा दोन्ही तोट्या उघडाव्या लागतात. दुसरी म्हणजे बाहेरून पाणी जोडण्याचे तोंड. पंप बंद करून दाब काढावा, जाळी बाजूला करावी, डोळे जपून आतली झडप काडीने हलकेच दाबावी आणि दुसऱ्याने पंप क्षणभर चालू करावा, म्हणजे तिथूनही गुलाबी द्रव बाहेर येईल. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची, म्हणजे ब्लॅक टँक धुण्यासाठीची स्वतंत्र नळी. ती पंपाशी जोडलेलीच नसते, त्यामुळे अँटिफ्रीझ तिच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही, आणि बाथरूमच्या भिंतीआड असलेला तिचा व्हॅक्यूम ब्रेकर (घाण पाणी उलट येऊ न देणारा भाग) गोठून तडकतो. टाकीची झडप उघडी ठेवून या नळीत ३० ते ४० पीएसआयपेक्षा जास्त नसलेल्या दाबाने हवा सोडावी आणि नुसता हवेचा आवाज येईपर्यंत ती चालू ठेवावी.

अशीच हवा सगळ्या नळ्यांत मारून अँटिफ्रीझ टाळणारेही पुष्कळ आहेत. सौम्य थंडीच्या भागात ते चालते, परंतु जिथे पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहतो, तिथे पंपाच्या पोटात आणि नळांच्या वळणांत उरलेल्या पाण्यावर भिस्त ठेवणे मला योग्य वाटत नाही.

शेवटी बेसिन आणि शॉवरखालच्या प्रत्येक पी-ट्रॅपमध्ये (पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या नळीत) पेलाभर अँटिफ्रीझ ओतावे. टॉयलेटच्या भांड्यातही थोडे ठेवावे, म्हणजे सील ओले राहते. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांत थोडेथोडे सोडल्याने त्यांच्या झडपांचे रबर मऊ राहते. पंपाचा आणि हीटरचा स्विच बंद असल्याची पुन्हा एकदा खात्री करावी, कारण रिकाम्या टाकीत विजेचे एलिमेंट चालू झाले तर ते लगेच जळते. स्विचवर ‘हीटर रिकामा, बायपास चालू’ अशी चिठ्ठी चिकटवावी. वसंतात गाडी घरातला दुसराच कोणी सुरू करण्याची शक्यता असते.