'आउटलँड' परत बघायचाय? मग असा बघा

१९८१ चा 'आउटलँड' हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्ध्यातच मोबाइल हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू. डोक्यात 'एलियन' होता ना, अंतराळयानात राक्षस घुसतो तो सिनेमा. तशीच अंधारी कॉरिडॉर, तसेच पाइप, घामेजलेले कामगार, संगीतसुद्धा त्याच जेरी गोल्डस्मिथचं, मग मी आपली वाट बघत बसले की आता कुठल्यातरी फटीतून काहीतरी चिकट बाहेर येणार. शेवटपर्यंत काही आलं नाही. मग मी सिनेमाला भरपूर नावं ठेवली आणि विसरून गेले, आणि बऱ्याच वर्षांनी परत लावला तेव्हा कळलं की मी भलत्याच सिनेमाची वाट बघत होते.

तर पहिलं काम म्हणजे 'एलियन' डोक्यातून काढून टाका. हा वेस्टर्न आहे, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या गावगुंड-फौजदाराच्या गोष्टींच्या जातीचा सिनेमा. दिग्दर्शक पीटर हायम्सला वेस्टर्नच करायचा होता, पण तेव्हा वेस्टर्नला कुणी पैसे लावायला तयार नव्हतं, म्हणून त्याने मार्शलला, म्हणजे त्या गोष्टींतल्या फौजदाराला, उचलून थेट गुरूच्या चंद्रावर नेऊन ठेवला. त्यामुळे जमलं तर आदल्या दिवशी 'हाय नून' बघून घ्या, १९५२ चा, दीड तासही नाही, मुख्य गुंड ट्रेनने येतोय, घड्याळ पुढे सरकतंय आणि गावातला एकही माणूस मदतीला उभा राहत नाही. इथे ट्रेनच्या जागी शटल आहे आणि भिंतीवर डिजिटल आकडे उलटे मोजतायत, एवढाच फरक. हे माहीत असलं की पहिला तास जो संथ वाटतो ना, तो संथ वाटतच नाही, कारण तुम्ही राक्षसाची वाट बघत नसता, कोण कोण कधी पाठ फिरवतंय ते मोजत असता.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट नाही सांगत. आयओ या गुरूच्या चंद्रावर टायटॅनियमची खाण, चालवणारी एक कंपनी, आणि तिथे नवीन बदली होऊन आलेला मार्शल ओ'नील म्हणजे शॉन कॉनरी. कामगार एकामागून एक वेडे होऊन मरतायत, त्यामागे जास्त काम उरकावं म्हणून दिलं जाणारं एक ड्रग आहे, आणि उत्पादन वाढलंय म्हणून वरचे सगळे खूश. मार्शल गप्प बसत नाही. बस.

आता टीव्हीचं सेटिंग, आणि हे टाळू नका. सिनेमा २.३५:१ अशा लांबलचक फ्रेममध्ये आहे, त्यामुळे वरखाली काळ्या पट्ट्या येणारच, त्या खुपतात म्हणून झूम करू नका. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेली प्रिंट मिळाली तर सरळ सोडून द्या, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गेलेलं असतं, आणि या सिनेमात एका टोकाला माणूस आणि दुसऱ्या टोकाला त्याच्यावर नजर ठेवणारा अशी मांडणी वारंवार आहे, म्हणजे नेमका नजर ठेवणाराच गायब. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही हालचाल जास्तच गुळगुळीत करतो ते सेटिंग, बंद करा, नाहीतर सगळी खाण मालिकेच्या सेटसारखी दिसते. खोलीतले दिवे घालवा. आवाजाकडे लक्ष द्या, सिनेमाला ध्वनीसाठी ऑस्कर नामांकन होतं, आणि यंत्रांची घरघर लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, हेडफोन लावा निदान.

बघताना काय बघायचं? मला विचाराल तर कोठडी. इथले कैदी स्पेससूट घालून वजनशून्य खोलीत तरंगत ठेवलेले असतात, हवेची नळी जोडलेली, ना जमीन ना भिंतीला टेकायची सोय. चंद्रावर बांधलेल्या तळावर वजनशून्य खोली कशी काय असते ते विचारू नका, पण त्या तरंगणाऱ्या माणसाशी मार्शल बोलतो ना, तेव्हा ती नळी बघा. सगळा माणूस एका नळीवर लटकलेला. कंपनीच्या तावडीतली सगळीच माणसं तशी आहेत हे सिनेमा तोंडाने कुठे बोलून दाखवत नाही, आणि तेच बरंय.

दुसरं, बाहेरचे सीन. लहान मॉडेलच्या आत खरी माणसं चालताना दिसतात आणि हे कॉम्प्युटरने केलेलं नाही. इंट्रोव्हिजन नावाची पद्धत होती, मॉडेलचा फोटो प्रोजेक्ट करून नट त्याच्या मधोमध उभे केल्यासारखे दिसायचे, पुढे लोखंडी खांब, मागे इमारत आणि मध्ये माणूस, सगळं थेट कॅमेऱ्यातच. एकदा थांबवून बघा, माणूस खांबाच्या मागून जातो ती कडा शोधा.

विज्ञानाला हसायचं तर खुशाल हसा, पण नेमकं हसा. दाब गेला की माणसाचं डोकं फुग्यासारखं फुटतं हे साफ खोटं, निर्वातात माणूस फुटत नाही, दहा-पंधरा सेकंदात बेशुद्ध पडतो. १९६६ मध्ये नासाच्या चाचणीत एकाच्या सूटची नळी निसटली होती, तो बेशुद्ध पडला पण वाचला, आणि शुद्ध जाण्याआधी जिभेवरची लाळ उकळताना जाणवली एवढं त्याला आठवत होतं. मला तर हे फुटण्यापेक्षा जास्त भयानक वाटतं. आणि आयओवर जिवंत ज्वालामुखी आहेत हे व्हॉयेजर १ या यानाच्या फोटोंतून १९७९ मध्येच कळलं होतं, शिवाय गुरूचं रेडिएशन जीवघेणं, म्हणजे खाण काढायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

आणि डॉक्टरीणबाईंचा एकही सीन सोडू नका, पाणी प्यायलासुद्धा उठू नका. डॉ. लॅझरस, म्हणजे फ्रान्सिस स्टर्नहेगन, तोंडाने फटकळ, वयाने पुढे गेलेली, आणि हिरोसोबत शेवटी उभी राहणारी हीच. प्रेमप्रकरण नाही, कुणाला वाचवणं नाही, नुसतं कुरकुरत काम करणं. पहिल्या वेळी मी तिला विनोदासाठी घेतलंय असं समजले होते, दुसऱ्यांदा बघितलं तर ती नसती तर सिनेमा उभाच राहिला नसता.

तसंच मार्शलच्या बायकोचा निरोप. ती मुलाला घेऊन निघून जाते, मुलाने आयुष्यात पृथ्वी बघितलेली नाही म्हणून, आणि हे सगळं स्क्रीनवर रेकॉर्ड करून ठेवते. कॉनरी तेव्हा पन्नाशीचा, बाँडचा तोरा कुठेच नाही, नुसता बसून बघतो. हा सीन पुढे ढकलू नका, पुढे तो का अडून बसतो त्याचं उत्तर इथेच आहे.

सिनेमाचं नाव आधी 'आयओ' ठेवणार होते म्हणे, पण इंग्रजीत IO असं लिहिलं की लोक ते १० वाचायचे म्हणून बदललं.

बरोबर कुणाला बसवायचं असेल तर स्पेसशिपवेड्या मित्राला नको, तो प्रत्येक सीनला चुका काढत बसेल. ज्याला गावगुंड आणि एकटा पडलेला फौजदार अशा गोष्टी आवडतात त्याला बोलवा, आणि त्याला गुरूचा चंद्र वगैरे काही आधी सांगू नका.