खाडीकाठच्या जमातीने कांदळवनाचा अभ्यास आणि राखण कशी करावी

सावित्री आणि वाशिष्ठीसारख्या नद्या समुद्राला मिळण्याआधी रुंदावून खाडीचे रूप घेतात, आणि बाणकोट, दाभोळ, राजपुरी अशा जुन्या बंदरांच्या आसपास मुसलमान वस्त्या शतकानुशतके नांदत आल्या आहेत. यांतल्या कित्येक गावांत मशिदीच्या मागच्या पायवाटेने निघाले की थोड्याच वेळात कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीचे जंगल, लागते. अशा गावातील जमातीने (मशिदीभोवतीच्या मुस्लिम समाजाने), मदरशाने किंवा उर्दू शाळेने कांदळवनाचा वर्षभराचा उपक्रम कसा चालवावा, हे येथे सांगितले आहे. कामाचा क्रम आधी पाहणी, मग नुकसान थांबवणे आणि सर्वांत शेवटी लावणी असा ठेवावा. बहुतेक ठिकाणी तो नेमका उलटा असतो. पहिल्याच दिवशी रोपे आणून चिखलात खोचली जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांतले फारसे काही उरलेले नसते. ज्या मुलाने चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी पाहिलेली नाही, त्याला सृष्टी ही अल्लाहची अमानत (विश्वासाने सोपवलेली ठेव) आहे असे कितीही सांगितले तरी ते पाठांतरच राहते, म्हणून या मार्गदर्शनात पाहणीला सर्वाधिक जागा दिली आहे.

दिवस आणि वेळ कशी ठरवावी

खाडीत उतरण्याआधी ओहोटी केव्हा आहे हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी इस्लामी हिजरी दिनदर्शिका फार उपयोगी पडते, कारण ती पूर्णपणे चंद्रावर चालते. कुरआनच्या सूरह (अध्याय) अल-बकरामध्ये (२:१८९) चंद्राच्या कला लोकांसाठी आणि हजसाठी काळ मोजण्याचे साधन असल्याचे सांगितले आहे, आणि भरती-ओहोटीचा हिशेबही याच कलांवर आधारलेला आहे. कोकणात तिथीचा पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होत असल्यामुळे त्याची तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. म्हणून हिजरी तारखेत एक मिळवावा, बेरीज पंधराच्या वर गेल्यास त्यातून पंधरा वजा करावेत आणि मग पाऊणपट करावी. उदाहरणार्थ, १६ तारखेला बेरीज सतरा, म्हणजे वद्य द्वितीया. तिची पाऊणपट दीड, म्हणून भरती दुपारी दीडच्या आसपास, आणि त्याआधीची ओहोटी सुमारे सव्वासहा तास अगोदर, म्हणजे सकाळी सव्वासातला.

यावरून हिजरी महिन्याची १५, १६ आणि १७ तारीख, तसेच १ आणि २ तारीख हे सकाळच्या पाहणीसाठी उत्तम दिवस ठरतात. हे उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी दूरवर ओसरते आणि फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर निघालेल्या मंडळींना चिखलाचा मोठा पट्टा उघडा मिळतो. ७ आणि २२ तारखेच्या आसपास भांग असतो, त्या वेळी पाणी थोडेच उतरते, म्हणून ते दिवस टाळावेत. हा हिशेब ढोबळ आहे. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि गावातल्या दालदी (कोकणी मुसलमान) किंवा कोळी मच्छीमाराला सोबत घ्यावे, कारण प्रत्येक खाडीत आत जावे तसे पाणी उशिरा चढते आणि किती उशिरा, हे त्यालाच माहीत असते. उधाणाचे पाणी वेगाने परतते, त्यामुळे ओहोटीची वेळ उलटताच माघारी वळावे. कालवांच्या धारेने पाय कापतात, म्हणून बंद बूट घालावेत. सावित्री आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यामुळे मुलांना पाण्याच्या कडेला एकटे सोडू नये.

झाडे कशी ओळखावीत

सुरुवात तिवरापासून करावी, कारण ते सर्वत्र आढळते. त्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीची शेकडो मुळे वर आलेली दिसतात. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही श्वसनमुळे हवेतून तो घेऊन खालच्या मुळांना पुरवतात. चिखल उकरल्यावर येणारा सडक्या अंड्यासारखा वासही त्याच कारणाने येतो. तो प्रदूषणाचा पुरावा मानू नये. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट चव येते, कारण मुळांवाटे आलेले मीठ हे झाड पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या झाडाच्या प्रजातीला ॲव्हिसेनिया हे नाव इब्न सीना (लॅटिनमध्ये अ‍ॅव्हिसेना) या थोर वैद्याच्या नावावरून दिले, हेही मुलांना जरूर सांगावे.

कांदळ ओळखणे सोपे आहे. त्याच्या खोडातून कमानीसारखी आधारमुळे फुटून चिखलात रुततात, आणि त्याचे बी झाडावरच रुजून हिरव्या लांब शेंगेसारखे लोंबत असते. पांढरी चिप्पी या झाडाला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. तिची श्वसनमुळे तिवरापेक्षा जाड आणि निमुळती असतात आणि पांढरी फुले रात्री उमलतात. काटेरी पानांची मारांडी बहुधा काठाजवळ सापडते. ज्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास फार दाह होतो ती हुरी. तिची फांदी मोडू नये, एवढे पहिल्याच फेरीत बजावून ठेवावे.

काही खाड्यांच्या उंच, कोरड्या कडेला पिलूचे झाड असते. मिस्वाक याच झाडाच्या मुळांची आणि काड्यांची करतात. उम्मतीवर (मुस्लिम समुदायावर) भार पडेल अशी भीती नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक करण्याची आज्ञा दिली असती, असे प्रेषित मुहंमद (स.) यांचे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. दुकानात वेष्टनात मिळणारी काडी ज्या झाडाची, ते आपल्याच खाडीच्या कडेला उभे आहे, हे पाहून मोठ्या माणसांनाही आनंद होतो. त्याची मुळे मात्र उकरू नयेत. मूळ तुटले की झाड खचते आणि काठही धुपतो.

प्राण्यांची पाहणी कशी करावी

पाहणीची रीत साधी आहे. प्रत्येकाने एक जागा निवडून वीस मिनिटे न बोलता, न हलता बसावे आणि जे दिसेल ते वहीत नोंदवावे. माणसांची चाहूल लागताच बिळात गेलेले खेकडे पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊ लागतात. एकच नांगी अवाढव्य वाढलेला फिडलर खेकड्याचा नर ती नांगी हलवून मादीला बोलावतो. निवटी हा मासा असूनही ओल्या त्वचेतून श्वास घेत चिखलावर उड्या मारतो आणि आपली हद्द राखण्यासाठी दुसऱ्या निवटीवर धावून जातो. येथे सूरह अल-अनआममधील आयत, म्हणजे कुरआनचे वचन, (६:३८) वाचावी. पृथ्वीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समूह आहेत, असे ती सांगते. आयत वाचल्यावर लगेच विवेचन करू नये. मुलांना आधी विचारावे की आत्ता पाहिलेल्या समूहांत त्यांना कोणते नियम दिसले, कोण कोणाच्या वाटेला जात नाही, कोण कोणाला घाबरतो. उत्तरे ऐकून इमामसाहेबांनी बोलावे.

त्याच सूरहमध्ये थोडे पुढे (६:५९) असे आहे की अल्लाहच्या माहितीवाचून एक पानही गळत नाही. ही आयत समजावण्यासाठी कांदळवनासारखी जागा नाही, कारण येथील अन्नसाखळीचा मोठा भाग गळलेल्या पानावर उभा आहे. काही खेकडे पिवळे पान ओढून बिळात नेतात, उरलेल्या पानावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, तो कुजका चुरा कोळंबीची पिल्ले आणि बोयटासारखे मासे खातात, आणि त्यांच्यावर जिताडा जगतो. खेकड्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळते, ज्याचा फायदा पुन्हा झाडालाच होतो. मुलांनी एक गळलेले पान निवडून त्याचे पुढे काय होते याचा माग महिनाभर ठेवावा. हा गृहपाठ मुले मनापासून करतात, असा माझा अनुभव आहे.

पक्ष्यांत खंड्या, वंचक, बगळे आणि ब्राह्मणी घार सहज दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी उघड्या चिखलात चोच खुपसून किडे टिपतात, आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात, जिथे २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. पाणमांजर प्रत्यक्ष दिसणे भाग्याचे असते, पण काठावरच्या त्याच्या विष्ठेत माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे सापडतात, त्यावरून त्याचा वावर कळतो. कोल्हाही ओहोटीला खेकड्यांसाठी येतो. विणीच्या काळात बगळ्यांची घरटी असलेल्या झाडांखाली गट नेऊ नये. प्रवासात काही सोबत्यांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली तेव्हा तिची तडफड पाहून प्रेषितांनी (स.) ती परत ठेवायला लावली, ही अबू दाऊद या संग्रहातील हदीस त्या ठिकाणी सांगण्याजोगी आहे.

एका बाबतीत सावधगिरी बाळगावी. सूरह अल-फुरकानमध्ये (२५:५३) एक गोड आणि एक खारट अशा दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधील पडद्याचा उल्लेख आहे. खाडीकाठी ही आयत आठवणे स्वाभाविक आहे आणि ती वाचावीही. परंतु तिच्यावरून विज्ञान सिद्ध करण्याचा किंवा विज्ञानावरून ती सिद्ध करण्याचा खटाटोप करू नये. खाडीत गोडे आणि खारे पाणी भरतीबरोबर मिसळते, त्याचा खारटपणा पावसाळ्यात उतरतो आणि उन्हाळ्यात चढतो, आणि हा बदल सोसणारे जीवच येथे टिकतात. हे निरीक्षण आपल्या जागी खरे आहे. आयत मनात कृतज्ञता जागवते, तेवढे पुरेसे आहे.

नुकसान कसे थांबवावे

दोन-तीन महिन्यांच्या पाहणीनंतर जमातीची बैठक बोलावून खाडीत जाणाऱ्या प्रत्येक घाणीची यादी करावी आणि सुरुवात स्वतःपासून करावी. ईद-उल-अजहानंतर कुर्बानीचे अवशेष खाडीत टाकले जात असतील तर ते त्याच वर्षी थांबले पाहिजे. गावाबाहेर पुरेसा खोल खड्डा आधीच खणून ठेवावा, त्यासाठी माणसे नेमावीत आणि ईदच्या खुत्ब्यात (प्रवचनात) जागा जाहीर करावी. पाणवठा, वाट आणि सावलीची जागा घाण करणे ही शापाला कारण होणारी कृत्ये आहेत, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे, आणि तिचा अर्थ समजावून सांगण्याची येथे फारशी गरज पडत नाही. घर किंवा मशीद बांधताना उरलेला राडारोडा तिवरांत टाकणे त्याहून घातक आहे, कारण श्वसनमुळे गाडली गेली की झाड गुदमरून वाळते.

कायदाही स्पष्टपणे सांगावा. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली, मग जमीन खासगी असो वा सरकारी, आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम आणि भराव यांना मनाई केली. तोड किंवा भराव दिसल्यास तारीख, जागा आणि छायाचित्रांसह वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी.

शेतकऱ्यांच्या प्रश्नाला मात्र घाई करू नये. खारबंदिस्तीचा (खारे पाणी अडवणारा) बांध फुटला किंवा उघाडी (बांधातले पाणी सोडण्याचे दार) नादुरुस्त राहिली की भातशेतीत खारे पाणी शिरते, काही वर्षांत तिथे तिवर उगवते आणि मग मालकाला स्वतःच्याच जमिनीत हात लावता येत नाही. हा त्रास खरा आहे. इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, हे इब्न माजा या हदीससंग्रहातील तत्त्व दोन्ही बाजूंना लागू पडते. जमातीने शेतकऱ्यांबरोबर उभे राहून बांध वेळेवर दुरुस्त व्हावेत यासाठी अर्ज करावेत, आणि जे वन आधीपासून उभे आहे त्याला कुऱ्हाड लागू देऊ नये.

मासेमारीबाबत खाडीचा एक तुकडा सर्वांच्या संमतीने ठरावीक काळासाठी बंद ठेवता येतो. प्रेषितांनी (स.) मदिनेभोवतीचा बारा मैलांचा परिसर हिमा, म्हणजे राखीव, ठरवला होता आणि तिथे झाडतोड व शिकार यांना मनाई होती, त्या परंपरेचा आधार सांगितला की लोक ऐकतात. टांझानियातील पेम्बा बेटाजवळच्या मिसाली बेटावर मच्छीमारांमध्ये कुरआनच्या शिकवणीच्या आधारे सागरसंवर्धनाचे काम झाले आहे, आणि इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१४ मध्ये दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणासाठी फतवा काढला. चिंबोरी (खेकडा) खाण्याविषयी मजहबांत (धर्मशास्त्राच्या परंपरांत) मतभेद आहेत, तो प्रश्न आपल्या आलिमांवर (धर्मपंडितांवर) सोपवावा. पण लहान चिंबोरी आणि पोटाखाली अंडी वागवणारी मादी पाण्यात परत सोडावी, याविषयी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही.

लावणी केव्हा आणि कशी करावी

जिथे कांदळवन नाहीसे झाले आहे तिथे ते का गेले, हे आधी शोधावे. रस्त्याच्या भरावाने किंवा बुजलेल्या मोरीने भरतीचे पाणी अडले असेल तर परवानगी घेऊन ती वाट मोकळी करून घ्यावी. पाणी परतले आणि आसपास जुनी झाडे असली की बिया वाहत येऊन आपोआप रुजतात. जो चिखल पूर्वीपासूनच उघडा आहे तिथे लावणी मुळीच करू नये, कारण तोच चिखलपक्ष्यांचा चराऊ पट्टा आणि गावातल्या बायकांची शिवल्या-तिसऱ्या वेचण्याची जागा असते.

यानंतरही लावणी आवश्यक वाटल्यास कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यांच्याच सल्ल्याने जात निवडावी. कांदळाची शेंग पावसाळ्यात, फळाजवळ पिवळसर कडे दिसू लागल्यावर आणि हलक्या हाताने सुटत असेल तरच घ्यावी, आणि तिचा साधारण तिसरा भाग चिखलात जाईल अशी टोकाकडून उभी खोचावी. तिवराच्या बिया आधी पिशवीत रुजवाव्यात. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे जे काही माणूस, पशू किंवा पक्षी खातो तो त्याच्यासाठी सदका (पुण्यदान) ठरतो, ही हदीस अशा वेळी नेहमी सांगितली जाते. ती सांगताना झाड जगले तरच कोणी त्याचे खाईल, हेही सांगावे. त्यासाठी प्रत्येक हिजरी महिन्याच्या १६ तारखेला दोन ठरलेल्या व्यक्तींनी जिवंत रोपे मोजून मशिदीच्या फलकावर आकडा लिहावा, रोपांवर चढलेले प्लास्टिक आणि शेवाळ काढावे, आणि निम्म्याहून अधिक रोपे मेली तर नवी आणण्याऐवजी भरतीचे पाणी तिथे किती वेळ उभे राहते हे पुन्हा तपासावे.