तेल भडकलं तेव्हा शेवेचे घाणे कमी केले

सांगलीत आमचा फरसाण-भडंगाचा छोटा कारखाना आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफूल तेलाची आवक अडली. 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. डब्याचा भाव रोज वेगळा. तेलवाले म्हणाले, "वहिनी, कर्ज काढा, पण डबे भरून ठेवा." मी भरले नाहीत. 23 मेला बंदी उठली आणि पुढे भाव उतरले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आधी पैसा नेमका कुठे जातोय ते शोधलं. कढईत तेल तोलून ओतलं, शेवेचा एक घाणा काढला, उरलेलं तेल गार करून पुन्हा काट्यावर ठेवलं. शेवेने किती तेल प्यायलं ते समोर दिसलं. दहा रुपयांच्या पुड्यात आम्ही पदरचे पैसे घालत होतो! भडंगाला तेल लागतं ते फोडणीपुरतं. बाकी चुरमुरे, शेंगदाणे, लसूण. मग शेव-पापडी आठवड्यातून दोनदाच तळायची ठरवली, इतर दिवशी भडंग.

पुड्याचं वजन घटवलं, तेव्हा लेबलही नवं छापलं. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं मला पटत नाही.

सगळ्यात जड गेली उधारी. मागची चिठ्ठी फेडल्याशिवाय नवा माल नाही, असं सांगितल्यावर दोन जुने दुकानदार तुटले. वाईट वाटलं, पण तेल रोखीने घ्यायला पैसा हातात राहू लागला.

सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, त्याच आठवड्यात वही काढून पुन्हा घाणा तोलला.